नावाचा उच्चार आणि नावाचा अर्थ

'येशू' हे नाव अशुद्ध आहे, 'येशुआ' असा मूळ उच्चार केल्यावाचून प्रार्थना देवापर्यंत पोहोचतच नाही, असा प्रचार काही मंडळी करीत असतात. ग्रीक 'येसूस' हे रूप 'झ्यूस' या देवाच्या नावावरून घडविले, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. जन्मभर भक्तिभावाने रोझरी करणाऱ्या वृद्धेला 'तुझी हाक वाया गेली' असे सांगणे हे ज्ञानदान नव्हे. ते क्रौर्य आहे आणि अज्ञानही.

मूळ हिब्रू नाव 'यहोशुआ'. परमेश्वर तारण करतो, हा त्याचा अर्थ. मोशेने नूनाचा पुत्र होशेय याला हे नाव दिले (गणना १३:१६). बाबेलच्या बंदिवासानंतरच्या ग्रंथांत ते आखडून 'येशुआ' झाले. नहेम्या ८:१७ मध्ये त्याच नूनपुत्राचा उल्लेख हिब्रूत 'येशुआ' असा येतो. म्हणजे ज्या रूपाचा एवढा अट्टाहास, तेच मुळी संक्षिप्त रूप आहे!

ग्रीक भाषेत 'श' हा ध्वनी नाही आणि पुरुषांची नावे बहुधा 'स'कारान्त असतात. म्हणून 'येसूस'. हे रूप ख्रिस्तसभेने घडविलेले नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मोशेचे ग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या यहुदी पंडितांनीच ते योजिले. बेन सिराच्या नातवाने ख्रिस्तपूर्व १३२ नंतर आजोबांचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणला. प्रस्तावनेत तो आजोबांना 'येसूस' असेच म्हणतो. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर झ्यूसला वाहिले गेले, तेव्हा यहुद्यांनी प्राण दिले, पण धर्म सोडला नाही. मक्काबींचे ग्रंथ त्याची साक्ष देतात. तेच यहुदी आपल्या मुलांना झ्यूसचे नाव देतील काय? शिवाय 'झ्यूस' हा संस्कृत 'द्यौः'चा सगोत्र. त्याची षष्ठी 'दिओस'. दोन्ही नावांत साम्य आहे ते केवळ शेवटच्या 'स'चे.

अक्षरांतच तारकशक्ती असती, तर हे नाव धारण करणारा प्रत्येक जण तारणारा ठरला असता. पौलाचा एक सहकारीही येशूच होता (कलस्सै ४:११). प्रभूच्या क्रुसावरील लेख तर हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होता (योहान १९:२०). केरळातील सुरियानी ख्रिस्ती 'ईशो' म्हणतात, गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती 'जेजू' म्हणतात, आपण 'येशू' म्हणतो. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकली. मग पवित्र आत्म्याने दिलेले हे स्वातंत्र्य हिरावून घेणारे हे कोण?

मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला बाळाचे नाव सांगतो आणि लगेच त्याचे कारणही सांगतो : तो आपल्या लोकांना पापांपासून तारील (मत्तय १:२१). तेथे उच्चाराचा धडा नाही, कार्याची ग्वाही आहे. हिब्रूचा अभ्यास अवश्य करावा. त्याने श्रद्धा डोळस होते. परंतु त्या अभ्यासाची काठी करून कोणी आपल्या भावंडांना मारू नये. नाव नीट उच्चारले की नाही, याची परीक्षा जिभेवर नव्हे, जगण्यात होत असते.