सही हवी, मत नको

धुळ्याच्या देवपुरातल्या कुठल्याही जुन्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये सकाळी जाऊन बघा. बाकांवर निवृत्त शिक्षक, एसटीतले जुने वाहक, जिल्हा परिषदेतले लिपिक बसलेले असतात. पतपेढीचं कर्ज काढून, बायकोची पोत गहाण ठेवून त्यांनी पांझरेच्या या काठाला प्लॉट घेतले आणि एकेक खोली वाढवत घर उभं केलं. आज त्या घराला रंग कोणता द्यायचा, हे त्यांना कुणी विचारत नाही. घर नावावर करायचा विषय मात्र जेवताना हटकून निघतो.

गुडघे दुखायला लागले की माणूस वयस्कर होतो, पण त्याला म्हातारा करतं घर. ठरलेली गोष्ट त्याच्या कानावर घातली जाते, ठरवताना तो कुठेच नसतो. ‘तुमले काय समजस आते!’ हे वाक्य भांडताना नाही, ताट वाढता वाढता सहज म्हटलं जातं. मला ते फार दुष्ट वाटतं.

दुय्यम निबंधक कार्यालयात हे उघड दिसतं. बक्षीसपत्र करून द्यायला आणलेले आबा खुर्चीत बसलेले. राबून राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र ठसा घेत नाही. मुलगा रुमालाने अंगठा पुसतो, पुन्हा दाबतो, पुन्हा पुसतो. कागदात काय लिहिलंय ते आबांना कुणी वाचून दाखवत नाही. मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार आणि फी वेगळी. एवढ्या स्वस्तात माणूस स्वतःच्या घरात पाहुणा होतो.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यावर उपाय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट असायला हवी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा खटल्यात तेच सांगितलं: अट होती हे दाखवता आलं पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि आईचं घर आईला परत दिलं. तिथे मुलाने लिहून दिलेला कागद आईकडे होता. आपल्याकडे मुलाकडून असं लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं समजतात. मुलाला घर हवं असेल तर त्याने तेवढं लिहून द्यावं, यात लाजण्यासारखं काहीही नाही. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं.

बायकांचं आणखी अवघड. घर त्यांच्या नावावर कधी नव्हतंच, त्यामुळे नवरा गेल्यावर मायला सहीपुरतंही कुणी विचारत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये बँकेत येतात, पण पासबुक आणि एटीएम कार्ड बहुतेकदा नातवाच्या खिशात. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून तिकीट नाही. एवढी एकच सवलत अशी की म्हातारी ती स्वतःच्या मर्जीने, कुणाला न विचारता वापरते. लेकीकडे जाऊन येते.

2007 च्याच कायद्याखाली पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकिलाची गरज नाही. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. पण पोटच्या पोरावर अर्ज करायला कोण धजावतं? चार घरं सोडून भाऊबंद राहतात, लग्नाकार्यात तोंड दाखवायचं असतं. म्हणून गोष्ट तिथवर जाण्याआधीच अडवली पाहिजे. बक्षीसपत्र नोंदवताना मुलांना दाराबाहेर थांबवावं, सत्तरीच्या माणसाला कागद अहिराणीत समजावून सांगावा, आणि सांभाळाची अट मसुद्यात आधीच छापलेली असावी. ती नको असेल तर आबांनी स्वतःच्या हाताने खोडावी.