सिकॅमोर पाठ, सादडा अनोळखी

गेल्या सत्रात आमच्या वर्गात वर्ड्‌स्वर्थची ‘टिंटर्न ॲबी’ चालू होती. १३ जुलै १७९८ ही तारीख कवितेच्या शीर्षकातच आहे, त्यामुळे ती सगळ्यांना पाठ. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरून वाहणारी वाय नदी, तिच्या काठचं रान, कुंपणांच्या रांगा, शेतघरं, आणि कवी थांबतो ते सिकॅमोरचं झाड. यावर आम्ही प्रत्येकी पाच-पाच पानं लिहिली. मलाही चांगले मार्क मिळाले. सिकॅमोर मी आजवर फक्त मोबाइलवर पाहिलंय.

मग एके दिवशी मॅडमनी सहज विचारलं, “तुमच्या नदीच्या काठी कोणती झाडं आहेत?” वर्गात आधी हशा पिकला. कारण इंदूरमध्ये ‘नदी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कान्ह येते, आणि कान्हला आपण नालाच म्हणतो. हसून झाल्यावर मात्र कोणालाच उत्तर देता आलं नाही. कोणी पिंपळ म्हणालं, कोणी कडुनिंब, आणि तिथेच यादी संपली.

माझं म्हणणं या शांततेबद्दल आहे. वर्ड्‌स्वर्थ अभ्यासक्रमातून काढा, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट आपण त्याला अर्धाच घेतला, अशी माझी तक्रार आहे. तो बहिणीला, डोरोथीला, बरोबर घेऊन वायच्या काठाने चालत गेला होता. ती कविता त्या चालण्यातून आली. इंग्लंडमध्ये आजही शेतांमधून, रानांमधून, नदीकाठाने जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर चालण्याचा लोकांना कायदेशीर हक्क आहे, आणि त्या वाटा नकाशांवर छापलेल्या असतात. पोरंटोरं, म्हातारीकोतारी रविवारी उठून चालायला जातात. आपण कविता घेतली आणि चालणं तिथेच ठेवलं.

म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण गाड्या काढून चोरलला गेलो. इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरला की चाळीसेक किलोमीटरवर चोरल नदी लागते. हीच नदी वर पाताळपाणीला धबधबा होऊन खाली उडी मारते. महू-खंडवा लाइनची जुनी मीटरगेज तिच्या सोबतीने घाट उतरून कालाकुंडला येते. एकोणिसाव्या शतकात तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन बांधायला लावलेली ही लाइन. आता त्या तुकड्यावर हेरिटेज ट्रेन चालते. लोक खिडकीतून रील काढतात, कालाकुंडला उतरून कलाकंद खातात आणि परत जातात. आम्हीही याआधी दोनदा तेच केलं होतं. या वेळी मात्र काठाकाठाने चालायचं ठरवलं.

पाऊस नुकताच संपलेला. पाणी गुडघ्याएवढं, तळाचे गोटे दिसण्याइतकं स्वच्छ. वरच्या उतारावर साग आणि पळस आहेत हे कळलं, कारण तेवढे आम्हाला ओळखू येत होते. पण अगदी पाण्याच्या कडेला वेगळीच झाडं होती. उंच, फिकट राखाडी, जवळजवळ गुळगुळीत खोडाची. त्यांच्या मुळांनी काठाची माती मुठीत धरावी तशी धरून ठेवलेली. खाली लाकडासारखी वाळकी फळं पडलेली, प्रत्येकाला पाच पंख. आम्ही पाच साहित्याचे विद्यार्थी त्या झाडाखाली उभे, आणि त्याचं नाव एकालाही माहीत नाही.

शेळ्या घेऊन एक काका चालले होते. त्यांना विचारलं. आम्ही चेष्टा करतोय की काय, अशा नजरेने ते क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, ये तो कोहा है. इसके बिना किनारा बह जाए.” त्यांनी पुढे आणखी सात-आठ झाडं दाखवली: जामुन, करंज, गूलर, धावडा, महुआ. कोहा म्हणजे अर्जुन, हे फोनने सांगितलं. मराठी नाव घरी आल्यावर कळलं. फळ आजीच्या हातावर ठेवलं. आजी हरेगावकडची. तिने ते बोटांत फिरवलं आणि म्हणाली, “हा तर सादडा. आमच्या ओढ्याला होता.” माझ्या आईला हा शब्द माहीत नव्हता. म्हणजे आमच्या घरात तो शब्द आजीपर्यंत येऊन थांबलेला. ते फळ मी खिशात आणलं नसतं, तर तो तिच्याबरोबरच गेला असता.

कोणी म्हणेल, एक शब्द गेला तर काय मोठं बिघडतं? झाड तर आहेच ना. पण झाड राहील याची खात्री कुठे आहे? खंडव्याकडे जाणारा रस्ता रुंद होतोय, घाटात बोगदे होतायत. मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज यायची आहे आणि तिचा नवा मार्गही रानातूनच जाणार. मी रेल्वेच्या विरोधात नाही. खंडव्याशी, दक्षिणेशी सरळ जोडणी इंदूरला हवीच आहे. पण अशा वेळी कागदावर काय येतं ते बघा: ‘इतकी हजार झाडं तोडणार, त्याबदल्यात तितकी हजार लावणार.’ आकड्याच्या बदल्यात आकडा आला की हिशेब बरोबर. पण काठ धरून उभा असलेला सादडा दुसऱ्या कुठल्या तरी माळावर रोप लावून भरून निघत नाही. हे वाक्य बोलायला आधी ‘सादडा’ म्हणता यावं लागतं. ज्याला नाव नाही, त्याची फक्त मोजदाद होते.

नाव बदललं की काय होतं, हे इंदूरला शिकवायची गरज नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या कान्हच्या काठी आहेत. होळकरांनी आपल्या माणसांची स्मारकं एखाद्या नाल्याकाठी बांधली नव्हती. ती नदी होती. आपण तिला नाला म्हणायला लागलो आणि मग नाल्यात जे टाकतात ते टाकायला लागलो. आता तिच्या शुद्धीकरणाचं काम चालू आहे, सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत आले, याचा मला अभिमान आहे. पण बिघडवून मग दुरुस्त करण्यापेक्षा जे अजून बिघडलेलं नाही ते आधी ओळखून घेतलेलं बरं, नाही का?

आणि चोरल काही परकी नाही. ती खाली बडवाहजवळ नर्मदेला मिळते. त्याच नर्मदेचं पाणी आणखी खाली, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून १९७८ पासून पंपाने वर चढवून इंदूरला आणतात. म्हणजे आपल्या नळाच्या पाण्यात थोडी चोरलही असते. त्या काठावरचं रान माती धरून ठेवतं ते आपल्याही पाण्यासाठी. हे मला एकविसाव्या वर्षी कळलं, याची मला खरंच लाज वाटली.

आपल्या मंडळाला मुद्दाम एक गोष्ट सांगायची आहे. मराठीत नावं ओळखून लिहिण्याची परंपरा भक्कम आहे आणि तिचा एक धागा इंदूरचाच आहे. महिन्यामहिन्याने झाडाफुलांचं ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत १९१० साली याच शहरात जन्मल्या. थोरोचं ‘वॉल्डन’ही त्यांनीच मराठीत आणलं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून शब्द गोळा केले आणि मराठीला काकागार, सारंगागार असे शब्द दिले. आमच्या ख्रिस्ती घरांतलं उदाहरण हवं असेल, तर फादर स्टीफन्स आहेत. इंग्लंडच्या विल्टशायरमधला हा माणूस गोव्यात आला आणि १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी सांगताना त्याने फुलांतली मोगरी आणि पाखरांतला मोर आठवला. स्वतःच्या गावची फुलं नाही घेतली, इथली घेतली. आणि शुभवर्तमानातला जक्कय इंग्रजीत सिकॅमोरवर चढतो, मराठी बायबलमध्ये उंबरावर. ते सिकॅमोर वर्ड्‌स्वर्थचं नव्हेच, ते खरोखर उंबराच्याच कुळातलं. भाषांतर करणाऱ्यांना झाडं माहीत होती म्हणून त्यांना हे जमलं. आज तेच काम आपल्याकडे दिलं, तर आपण बहुतेक ‘सिकॅमोर’च लिहून मोकळे होऊ.

माझा प्रस्ताव साधा आहे. मंडळाची दर महिन्याची बैठक सभागृहात होते. वर्षातून निदान दोन बैठका नदीकाठी व्हाव्यात, एक चोरलला आणि एक कान्हवर. आणि एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक झाडासमोर त्याचं मराठी नाव, मालवी-निमाडी किंवा भिली नाव, आणि ते कुठे दिसलं ते. प्रत्येक अंकात एका झाडावर एक पान. मराठी नाव आपल्या आज्या सांगतील, बाकीची नावं शेळ्यावाले काका. गुगल सगळ्यात शेवटी.

दोन आक्षेप मला आत्ताच ऐकू येतायत. पहिला सुरक्षिततेचा. तो खरा आहे. २०११ साली पाताळपाणीला अचानक पाणी वाढलं आणि माणसं वाहून गेली, हे आपल्या आई-बाबांना अजून आठवतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जायचं नाही, दिवाळीच्या आसपास जायचं. धबधब्याखाली नाही, सपाट काठावर. मुलींना घरून परवानगी मिळावी म्हणून गट मोठा, बरोबर एखाद्या मॅडम आणि अंधाराआधी परत. दुसरा आक्षेप असा की हे बॉटनीवाल्यांचं काम आहे, साहित्याचं नाही. त्यावर माझं उत्तर एवढंच, की शब्द सांभाळणं हे साहित्य मंडळाचं काम नसेल, तर मग कोणाचं आहे? इंदूरमध्ये १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं झाली, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण हिंदीच्या शहरात मराठी टिकते ती संमेलनांपेक्षा घरातल्या शब्दांवर, आणि ते शब्द आज्यांबरोबर चालले आहेत.

ते पाच पंखांचं फळ माझ्या टेबलावर आहे. आजीने सांगितलंय, “पुढच्या वेळी जाशील तेव्हा करंजाची शेंग आण, म्हणजे त्याचंही सांगेन.” नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा चोरलला चाललोय. तीन गाड्यांवर अजून जागा आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर नाव टाका, आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एका झाडाचं नाव विचारून या.