नाताळ आणि तेरा नियमांचा खेळ

आज नाताळ. याच सणाच्या तोंडावर, डिसेंबर १८९१ मध्ये, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती संस्थेच्या विद्यालयात बास्केटबॉल जन्मला. जेम्स नेस्मिथ या धर्मशास्त्र शिकलेल्या अध्यापकाने सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ केले आणि तेरा नियम लिहिले. त्यांतील एक आम्हांस विशेष मोलाचा वाटतो : चेंडू घेऊन कोणी धावू नये, जेथे झेलला तेथूनच तो फेकावा. पुढे चेंडू आपटीत धावण्याची मुभा मिळाली. हाती धरून धावणे मात्र आजही निषिद्धच आहे.

संत पौलाने ख्रिस्ती मंडळीला एका देहाची उपमा दिली, तिचे मर्मही हेच. डोळ्याला हातावाचून चालत नाही; एकट्याची भक्ती अपुरी. आपल्या गोपाळकाल्यातही प्रत्येकाची शिदोरी सर्वांची होते. परंतु आता सण बंद दारांआड साजरे होऊ लागले आहेत, ही खंत आम्हांस वाटते. आज शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळाचे ताट आले, तर ते आपण रिकामे परत धाडू नये.