पॉइंटच्या नादात भांडवल अडकवू नका!

"सर, क्रेडिट कार्डवर गिफ्ट कार्ड घेऊन रिवॉर्ड पॉइंट कमवू का?" हा प्रश्न सारखा येतो. माझं मत स्पष्ट आहे: जो खर्च तुम्ही करणारच आहात, तेवढ्याचंच गिफ्ट कार्ड घ्या. पॉइंटसाठी खर्च वाढवू नका.

हिशोब बघा. समजा, 10,000 च्या गिफ्ट कार्डावर 5 टक्के फायदा झाला, म्हणजे 500 रुपये. पण बिल थकलं आणि महिना 3.5 टक्के व्याज लागलं, तर 350 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 413. दोन महिन्यांत 826 गेले! पॉइंटही गेले आणि खिशातले 326 पण.

आपल्या नायगावात दुकानाची उधारी सोयाबीन विकल्यावर वसूल होते. कार्डाची ड्यू डेट सोयाबीनसाठी थांबत नाही. नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याला गिफ्ट कार्ड दाखवून माल मिळत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रीपेड गिफ्ट कार्डातून रोख काढता येत नाही. म्हणजे भांडवल अडकलं!

म्हणून तीन गोष्टी पाळा:

1. बिलाची पूर्ण रक्कम खात्यात असेल तरच कार्ड वापरा.
2. आधी बँकेच्या अटी वाचा. कित्येक कार्डांवर गिफ्ट कार्डाला पॉइंट नसतात किंवा मर्यादा असते.
3. जीएसटी नोंदणी असेल तर गिफ्ट कार्डाने माल घेताना बिल दुकानाच्या नावानेच घ्या.

पॉइंट म्हणजे वरकमाई. खरी कमाई गल्ल्यातच असते, मित्रांनो!