वादळ दडविल्याने टळते काय?

संकटाची वार्ता लोकांस वेळीच सांगावी, की लोक घाबरून जातील म्हणून ती दप्तरात दडपून ठेवावी, हा राज्यकारभारातील फार जुना वाद आहे. ह्या वादात दोन्ही पक्षांचा पुरावा तपासून पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील टॉर्नेडो नामक वादळांचा इतिहास चाळावा. इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

टॉर्नेडो म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ आणि टॉर्नेडो ही एकच, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. चक्रीवादळ शेकडो मैल पसरते आणि किनाऱ्यास लागण्यापूर्वी कित्येक दिवस त्याचा माग काढता येतो. टॉर्नेडो हा गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखा जमिनीवर उतरतो. त्याची रुंदी बहुधा काही शे फूट आणि आयुष्य बहुधा दहा मिनिटांच्या आत. परंतु अतिप्रबळ टॉर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी २०० मैलांच्या वर जातो. उन्हाळ्यात माळावर उठणारी वावटळही ह्याहून निराळी. ती तापलेल्या जमिनीवरून उठते, हा ढगातून येतो.

ह्याचे कारणही दैवी कोपात शोधण्याचे प्रयोजन नाही. मेक्सिकोच्या आखातावरून ऊबदार दमट हवा खालून येते, आणि पश्चिमेकडील रॉकी पर्वताच्या बाजूने कोरडी, थंड हवा तिच्यावरून वाहते. खालच्या व वरच्या वाऱ्यांची दिशा आणि वेग भिन्न असल्यामुळे मधली हवा पोळपाटावरील लाटण्याप्रमाणे आडवी फिरू लागते. वर चढणारा ऊबदार झोत हे आडवे लाटणे उभे करतो आणि मग सबंध ढगच फिरू लागतो. अशा प्रत्येक ढगातून टॉर्नेडो उतरतोच असे नाही. परंतु तो उतरण्याजोगी हवा कोणती, हे आज बरेच आधी ओळखता येते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अमेरिकन लष्कराच्या सिग्नल खात्यातील जॉन फिनले ह्यांनी १८८४ साली टॉर्नेडोचे अंदाज प्रयोगादाखल वर्तविण्यास आरंभ केला. परंतु थोड्याच काळात वरिष्ठांनी असा दंडक घातला की, सरकारी अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दच येता कामा नये. कारण काय, तर वादळाने होईल त्याहून अधिक नुकसान लोकांच्या घबराटीने होईल! हे धोरण पुढे हवामान खात्यानेही चालविले आणि ते १९३८ पर्यंत टिकले. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय व इंडियाना ह्या तीन प्रांतांतून एक टॉर्नेडो २१९ मैल धावला. तो सुमारे साडेतीन तास जमिनीवर होता. ६९५ माणसे मेली. त्या काळचे शास्त्र अपुरे होते हे आम्ही मान्य करतो. पण तार आणि टेलिफोन असलेल्या देशात पहिले गाव उद्ध्वस्त झाल्यावर पुढच्या गावांस सावध करण्याचे काम कोणाचेच नसावे, ही उणीव शास्त्राची नव्हे, धोरणाची होती.

ह्या धोरणास पहिला धक्का १९४८ साली बसला. २० मार्च रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर टॉर्नेडोने लष्करी विमानांचा चुराडा केला. पाचच दिवसांनी फॉबुश व मिलर ह्या दोन अधिकाऱ्यांनी तशीच हवा ओळखून टॉर्नेडोचा स्पष्ट इशारा दिला. विमाने व माणसे सुरक्षित जागी हलविण्यात आली, आणि त्याच संध्याकाळी टॉर्नेडो खरोखरच त्याच तळावर येऊन आदळला! मनुष्यहानी झाली नाही. सैन्यास जे कळते ते रयतेस का कळू नये, हा प्रश्न मग टाळता येईना; १९५२ पासून जनतेसाठीही असे अंदाज निघू लागले. लोक घाबरून वेडेपिसे झाले काय? मुळीच नाही. लोकसंख्येच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण मात्र पुष्कळच घटले. डॅलस येथे आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्या शहराच्या भरवस्तीतून २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री प्रबळ टॉर्नेडो गेला, पण एकही माणूस दगावला नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, वारंवार इशारे दिले म्हणजे लोक ते ऐकेनासे होतात. ह्या आक्षेपात तथ्य आहे. २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहरात भोंगे आधी वाजूनही अनेकांनी लगेच आसरा घेतला नाही. भोंगे नित्याचेच झाले होते. दीडशेहून अधिक माणसे मेली. परंतु ह्यावरून इशारा अधिक नेमका द्यावा एवढेच सिद्ध होते. तो देऊच नये, असे नव्हे.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. चैत्र-वैशाखात बंगालवर येणाऱ्या कालबैसाखीच्या वादळांतून असेच टॉर्नेडो उतरतात. बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर व साटुरिया ह्या भागांत सुमारे १३०० लोक मेले. इतकी प्राणहानी जगातील दुसऱ्या कोणत्याही टॉर्नेडोने केल्याची नोंद नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीस, आणि २४ मार्च १९९८ रोजी बंगाल-ओरिसाच्या सीमेवर दांतन येथे त्याने बळी घेतले. पत्र्याच्या व कुडाच्या घरांत राहणाऱ्या गरिबांस ना तळघर, ना भक्कम भिंत. आमचे लोक अडाणी, त्यांस इशारा देऊन उपयोग काय, असे कोणी म्हणेल तर त्याने ओरिसाकडे पाहावे. १९९९ च्या चक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली वेळीच सांगितल्यावर लाखो लोक शिस्तीने हलले आणि बळींची संख्या काही दशकांवर आली. विश्वास टाकला म्हणजे लोक त्यास पात्र ठरतात.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इशारा मिळताच तळघरात जावे. ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेल्या लहान खोलीत बसून डोके झाकावे. वाऱ्याचा दाब कमी व्हावा म्हणून खिडक्या उघडीत बसणे हा निव्वळ भ्रम आहे. चाकांवरील किंवा कच्च्या घरात थांबू नये. मोटारीत बसून पळण्याचा मोह आवरावा. टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे १० एप्रिल १९७९ रोजी ज्यांनी प्राण गमावले त्यांपैकी निम्म्याहून अधिक मोटारींत होते, आणि त्यांतील कित्येकांची सोडून आलेली घरे शाबूत राहिली! रस्त्यावरील पुलाखाली थांबणेही घातक, कारण तेथे वारा कोंडून अधिक जोर धरतो. उघड्यावर सापडल्यास सखल जागी पालथे पडून डोके हातांनी झाकावे. उडणारा पत्रा आणि लाकूड हेच खरे मारेकरी असतात.

सरकारचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यांत कालबैसाखी येते, तेथे गावोगावच्या शाळेत निदान एक भक्कम खोली असावी. आणि रडारवर फिरता ढग दिसताच संदिग्ध सरकारी भाषा सोडून संकटाचे नाव घेऊन, त्या गावच्या बोलीत, तत्काळ सांगावे. वारा कोणाचा हुकूम मानीत नाही. परंतु त्याची वर्दी देणे किंवा न देणे हे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे, आणि त्याचा जाब माणसासच द्यावा लागेल.