एक कोयता म्हणजे दोन माणसे

दसरा-दिवाळी उलटली की गंगाखेड, सोनपेठ भागातील वाड्यातांड्यांवर कुलपे दिसू लागतात. मागे म्हातारी माणसे उरतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील उसाच्या फडावर गेलेली असतात. कराराच्या भाषेत या दोघांचे नाव ‘एक कोयता’. एकटा गडी असेल तर ‘अर्धा कोयता’!

वाकड्या पात्याचा मान राखणारे समाज जगात होऊन गेले. जर्मन प्रवासी श्वाइनफुर्ट १८७० साली मध्य आफ्रिकेतील मांगबेटूंच्या मुंझा राजाला भेटला, तेव्हा राजाच्या हाती तांब्याचे, विळ्याच्या आकाराचे पाते होते. तेथे पाते माणसाची प्रतिष्ठा सांगत होते. महाराष्ट्राच्या साखरसम्राटांनी पात्यालाच माणसाच्या जागी बसविले.

ही नुसती बोलण्याची लकब नव्हे, हा हिशेब आहे. पुरुष ऊस तोडतो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि कोपीवर परतून भाकरी थापते. उचल मात्र नवऱ्याच्या हाती पडते. बाईचे वेगळे अस्तित्व हिशेबात उमटते ते एकदाच : तिने खाडा केला की दंड कापताना. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाड्याच्या धाकाचा या आकड्याशी संबंध नाही, असे कोण म्हणेल?

कारखानदार म्हणतात, मजूर मुकादमाचे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. म्हणजे गंगाखेडहून बेळगावला गेलेला मजूर स्थलांतरित, आणि कोल्हापूरला गेलेला कायद्याच्या लेखी घरीच! पुढे शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याण महामंडळ काढले, टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरविले. त्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण कल्याण हे उपकाराचे खाते आहे. मजुरी हा हक्क आहे.

करारावर दोघांची स्वतंत्र नावे, दोघांच्या खात्यांत स्वतंत्र मजुरी, आणि मालक म्हणून मुकादमाची नव्हे, कारखान्याची सही, एवढीच ही मागणी आहे. ‘इतक्या लोकांची नोंद ठेवायची कशी?’ असे कारखान्यांचे पुढारी विचारतात. त्यांच्याच काट्यावर ऊस किलोपर्यंत मोजला जातो. नोंद व्हावी ती ट्रक भरतात त्या दिवशी, गावच्या पारावर, सर्वांदेखत. फडावर पोहोचल्यानंतर विचारणारा मुकादमच असतो आणि सांगणाराही तोच.