ब्रिक्सचे चलन : नोट कोण छापणार, किंमत कोण मोजणार?

डॉलरची दादागिरी मोडण्यासाठी ‘ब्रिक्स’ देशांनी एकच चलन आणावे, ही कल्पना सध्या अनेक पुरोगामी मित्रांना भुरळ घालते आहे. डॉलरच्या मक्तेदारीला आमचाही विरोध आहे. पण मालक बदलल्याने गुलामी संपत नाही, हे आंबेडकरी चळवळीला कोणी शिकवायची गरज नाही.

१९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले होते. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्यावर पक्की मर्यादा घाला, असे त्यांचे म्हणणे होते. रुपया घसरला की मालकाचा नफा वाढतो. पण भाव वाढतात तशी मजुरी वाढत नाही. म्हणजे तो नफा मजुराच्याच ताटातून उचललेला असतो.

हाच प्रश्न ब्रिक्सला विचारू या. या चलनाची मर्यादा कोण ठरवणार? एकट्या चीनची अर्थव्यवस्था बाकी सगळ्या सदस्यांच्या बेरजेपेक्षा मोठी आहे. २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. इजिप्त आणि इथिओपिया नाईलवरच्या धरणावरून भांडत आहेत. ज्यांचा सीमेवर आणि पाण्यावर एकमेकांवर विश्वास नाही, ते एका तिजोरीची किल्ली कोणाकडे देणार? साध्या रुपयातल्या व्यापाराचे पाहा. आमच्याकडे अब्जावधी रुपये पडून आहेत, पण ते वापरता येत नाहीत, अशी तक्रार रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी २०२३ मध्ये गोव्यातच केली होती.

युरोपात तर युद्धे थांबली होती, संसद होती, तरी काय झाले? ग्रीस कर्जात बुडाला. स्वतःचे चलन नसल्याने त्याला चलनाची किंमत कमी करता येईना. मग माणसांची किंमत कमी केली. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापले, पंचविशीच्या आतल्या तरुणांचे ३२ टक्क्यांनी. २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के जनतेने अटी नाकारल्या; तरी आठवड्याभरात त्याहून कडक अटी सरकारला मान्य कराव्या लागल्या.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. देशांनी आपापल्या चलनात व्यापार जरूर करावा. पण सामायिक संसद, सामायिक तिजोरी आणि कामगारांच्या हक्कांची सामायिक हमी नसेल, तर सामायिक चलन म्हणजे बलवानाची मर्जी आणि कष्टकऱ्याची उपासमार. साम्राज्यवादविरोधाच्या घोषणेमागे जाण्याआधी बाबासाहेबांचा प्रश्न विचारा : याची किंमत कोणाच्या मजुरीतून वसूल होणार?

जय भीम!